पत्रकाच्या तळची ओळ

निवडणुकीचे हस्तपत्रक हाती पडले की वाचणारा उमेदवाराचे नाव वाचतो, चिन्ह पाहतो, आश्वासनांवरून ओझरती नजर फिरवितो आणि कागद घडी करून खिशात घालतो. त्या कागदाच्या अगदी तळाशी, सर्वांत बारीक टायपात, मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापलेले असते, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु लोकशाहीतील प्रचाराला कायद्याने कसकसे वळण लावले हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने आश्वासने बाजूला ठेवून आधी ही तळची ओळच वाचावी. सव्वादोनशे वर्षांच्या अवधीत या एका ओळीचे प्रयोजन मुळापासून पालटले आहे. प्रजेतील टीकाकार सरकारच्या हाती सापडावा म्हणून जिचा जन्म झाला, तीच पुढे सत्तेच्या इच्छुकांचा ठावठिकाणा मतदाराला लागावा म्हणून उपयोगी पडू लागली. आणि आता प्रचार कागदावरून उठून प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर गेल्यानंतर ती ओळ तेथे कोणी लिहावी, काय लिहावी आणि तेवढी पुरेशी आहे काय, हा प्रश्न न्यायालये, निवडणूक आयोग आणि समुद्रापलीकडील कंपन्या यांच्यामध्ये अनिर्णीत पडला आहे.

या ओळीचे मूळ इंग्लंडातले. फ्रेंच राज्यक्रांतीची झळ आपल्या घराला लागू नये या धास्तीने १७९९ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुप्त मंडळ्यांविरुद्ध जो कायदा केला, त्यात छापील कागदावर छापणाऱ्याचे नाव आणि ठिकाण असलेच पाहिजे असे बंधन होते. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी हंगामी गव्हर्नर जनरल सर चार्ल्स मेटकाफ यांनी परवान्याची जाचक पद्धत उठवून तिच्या जागी मुद्रक-प्रकाशकांनी मॅजिस्ट्रेटपुढे रीतसर प्रतिज्ञापत्र करावे एवढाच निर्बंध ठेवला. छापण्याची परवानगी कोणाकडे मागावयाची नाही, मात्र जे छापाल ते नावानिशी छापा, असा हा सौदा होता. सत्तावनच्या उठावात तो काही काळ मोडला. पुढे १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक-नोंदणी अधिनियमाने तो पुन्हा पक्का केला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे स्थळ, आणि प्रसिद्ध होणार असेल तर प्रकाशकाचेही, सुवाच्य अक्षरांत असावे असे ठरविले. हा अधिनियम स्वतंत्र भारतातही चालू राहिला आणि २०२३ चा नवा कायदा लागू होईपर्यंत अमलात होता.

सौद्याची दुसरी बाजू महाराष्ट्राने १८९७ साली पाहिली. ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात उभा राहिला तेव्हा त्यांच्या शेजारी आरोपी म्हणून मुद्रक केशव महादेव बाळ हेही उभे होते. ज्यूरीने टिळकांना सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरविले आणि मुद्रकाची मुक्तता झाली. पण लेख ज्याने लिहिला नाही त्यालाही केवळ छापल्याच्या कारणावरून कोर्टाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट त्या काळच्या छापखानेवाल्यांच्या मनात खोल रुजली असली पाहिजे. नाव छापण्याच्या सक्तीकडे पाहताना तिचा हा पूर्वेतिहास आपण विसरता कामा नये. आज जो कोणी इंटरनेटवरील प्रत्येक लेखकाने आपली ओळख सरकारदरबारी नोंदवावी अशी तजवीज सुचवितो, तो मतदाराच्या हिताच्या नावाखाली कदाचित १७९९ सालाकडेच परत जात असतो.

मतदाराच्या बाजूने या ओळीचा उपयोग प्रथम इंग्लंडनेच केला. १८८३ च्या निवडणूक-भ्रष्टाचारविरोधी कायद्याने खर्चाला मर्यादा घातली आणि निवडणुकीसंबंधीच्या प्रत्येक भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे अनिवार्य केली. खर्चाची मर्यादा आणि कागदावरचे नाव या दोन गोष्टी एकाच कायद्यात आल्या हा योगायोग नव्हे, कारण कागद कोणाचा हे कळल्याशिवाय त्याचा पैसा कोणाच्या हिशेबात धरावयाचा हेही कळत नाही. हिंदुस्थानात १९२० साली भारतीय दंड संहितेत निवडणुकीच्या अपराधांचे प्रकरण घातले गेले. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारासाठी जाहिरातीवर अगर पत्रकावर खर्च करणारा इसम त्यात गुन्हेगार ठरला, परंतु दंड मात्र पाचशे रुपयांपर्यंतच होता, आणि रुपयाचे मोल कोठल्या कोठे गेले तरी तो आकडा शंभर वर्षे तसाच राहिला.

खरी तपशीलवार व्यवस्था १९६१ साली झाली, जेव्हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम १२७ क नव्याने दाखल करण्यात आले. हे कलम मी पुनःपुन्हा वाचले आहे, आणि छापखान्याची रीत जाणणाऱ्या कोणीतरी ते बारकाईने रचले असावे असे मला दर वेळी वाटते. निवडणुकीच्या पत्रकावर व भित्तिपत्रकावर दर्शनी भागी मुद्रक-प्रकाशकांची नावे व पत्ते हवेत, एवढे सांगून ते थांबत नाही. प्रकाशकाने आपल्या ओळखीविषयीचे प्रतिज्ञापन स्वतःच्या सहीने, आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघा इसमांच्या साक्षांकनासह, दोन प्रतींत छापखानेवाल्याच्या हवाली करावयाचे. आणि छापखानेवाल्याने त्याची एक प्रत, छापलेल्या कागदाचा एक नमुना सोबत जोडून, राजधानीत छपाई झाली असल्यास मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे व इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्याकडे धाडावयाची. कसूर झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही. केवळ सभेची तारीख, वेळ व ठिकाण सांगणारी पत्रके यातून वगळली आहेत, कारण सभेला या म्हणणे हे कोणाचे मत वळविणे नव्हे.

या कलमातील एक व्याख्या तर आजच्या घडीला विशेष मोलाची आहे. हाताने नक्कल करण्याखेरीज कागदाच्या प्रती वाढविण्याची कोणतीही प्रक्रिया मुद्रणच समजली जावी, असे तीत म्हटले आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या डोळ्यांसमोर शिळाप्रेस आणि सायक्लोस्टाइल असणार. परंतु तत्त्व त्यांनी यंत्राच्या नावाला बांधले नाही, तर नागरिकाने आपल्या हातांनी, आपल्या श्रमाने केलेले सांगणे आणि साधनांच्या बळावर हजारो पटींनी वाढविलेले सांगणे यांतील भेदाला बांधले. स्वतःच्या हाताने दहा चिठ्ठ्या लिहून वाटणारा मनुष्य कायद्याने मोकळा सोडला, आणि दहा हजार प्रती काढणाऱ्याला मात्र नाव सांगण्यास भाग पाडले. ऑनलाइन प्रचाराचे नियमन करताना नागरिकाचे मत कोठे संपते आणि विकत घेतलेली जाहिरात कोठे सुरू होते, याची जी चर्चा आज जगभर चालली आहे, तिचे सूत्र या जुन्या ओळीत जवळजवळ तयार सापडते.

तथापि कागदी प्रचाराच्या काळी आणखी एक गोष्ट होती, जी कोणत्याही कलमात लिहिलेली नव्हती, कारण ती लिहिण्याची कोणाला गरजच भासली नाही. भिंतीवरचा मजकूर सर्वांना दिसत असे. चुन्याने भिंत पांढरी करून तीवर निळीने वा गेरूने उमेदवाराचे नाव काढले, किंवा रात्री खळीची बादली घेऊन कार्यकर्त्यांनी गल्लीभर भित्तिपत्रके चिकटविली, तरी सकाळी ती मित्राला दिसत तशीच शत्रूलाही दिसत, आणि दुपारपर्यंत समोरच्या भिंतीवर त्यांचे उत्तर झळके. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आणि १९५७ च्या निवडणुकीत आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’, अमरशेख व अण्णाभाऊ साठे यांचे पोवाडे आणि मुंबईच्या भिंती यांनी मिळून जो वाद घातला, तो किती तिखट असला तरी सार्वजनिक होता.

१९६७ च्या निवडणुकीचे दक्षिण मुंबईतील उदाहरण तर जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अद्याप आहे. एका बाजूला मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हटले जाणारे केंद्रीय मंत्री स. का. पाटील, दुसऱ्या बाजूला कामगारांचे तरुण पुढारी जॉर्ज फर्नांडिस. आपला पराभव देवालाही करता येणार नाही, अशा आशयाचे उद्गार पाटलांनी काढल्याचे सांगतात, आणि फर्नांडिसांच्या माणसांनी नेमक्या त्याच उद्गारांचा आधार घेऊन, देव नसेल करीत तर मतदारा, तू करू शकतोस, अशा अर्थाची भित्तिपत्रके शहरभर लावली. पाटील हरले. त्या प्रचाराचे सामर्थ्य कशात होते? ज्याच्यावर रोख होता त्याला तो वाचता येत होता, त्याला आपले म्हणणे नाकारण्याची वा खुलासा करण्याची संधी होती, आणि ही सवाल-जबाबाची देवघेव मतदार उघड्या डोळ्यांनी पाहत होता. पत्रकावरील नावाने जबाबदारी निश्चित होई. भिंतीच्या उघडेपणाने वाद शक्य होई. पहिली गोष्ट कायद्याने जपली, दुसरी आपोआप जपली गेली, आणि म्हणूनच ती हरपली तेव्हा आपल्या ध्यानात लवकर आले नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र धोक्याचा इशारा मुंबईनेच फार आधी दिला होता. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या नियमावलीत बदल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी कायद्यात आडकाठी नाही म्हणून ती मान्य केली, पण या वाटेने शिरणारा पैसा वाढत जाऊन एके दिवशी लोकशाहीचा श्वास कोंडू शकेल अशी भीती निकालपत्रातच नमूद करून संसदेचे लक्ष तिकडे वेधले. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, पाठोपाठ कायद्यात दुरुस्ती झाली आणि तो निर्णय निष्फळ ठरला. आज मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे, पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही, आणि मोबाइलवरील जाहिरातींचा मोठा ओघ नेमका या मोकळ्या दारातून वाहतो.

मधल्या टप्प्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. दूरचित्रवाणीवर राजकीय जाहिरातींना केबलच्या नियमांनी बंदी होती. ती बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात अडचणीत आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये जाहिरात दाखविण्यापूर्वी तिचे प्रमाणन करून घेण्याची पद्धत लावून दिली, आणि त्यातूनच आजच्या जिल्हा व राज्य पातळीवरील माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या उभ्या राहिल्या. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांतून आलेला शब्दशः सारखा मजकूर वाचकांपुढे ठेवला आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोचला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, खर्चाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा आयोगाचा अधिकार मे २०१४ मध्ये मान्य झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा आयोगाचा आदेश रद्द ठरविला. तात्पर्य एवढेच की जाहिरात बातमीचा वेष घेते तेव्हा ती कोणी दिली हे सिद्ध करणे कायद्याला किती अवघड जाते, याचा धडा मोबाइलचे युग ऐन भरात येण्यापूर्वीच आपल्याला मिळाला होता.

ऑनलाइन प्रचाराकडे आयोगाने प्रथम लक्ष दिले ते २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांनी. उमेदवाराने आपली समाजमाध्यमांवरील खाती शपथपत्रात सांगावीत, इंटरनेटवरील जाहिरातीही आधी प्रमाणित करून घ्याव्यात, आणि कंपन्यांना दिलेले पैसे तसेच हे काम करणाऱ्या माणसांचे पगार खर्चाच्या हिशेबात दाखवावेत, असे त्यांत होते. सूचना योग्य होत्या, पण त्या उमेदवार व पक्ष यांच्यापुरत्या होत्या. ना उमेदवार ना पक्ष अशी भलतीच नावे धारण करणारी पाने जो प्रचार करीत होती, त्यांना या सूचनांचा स्पर्श होत नव्हता. मार्च २०१८ मध्ये फेसबुकवरील लोकांची माहिती राजकीय प्रचारासाठी परस्पर वापरल्याचे केंब्रिज अॅनालिटिका कंपनीचे प्रकरण बाहेर आले आणि फेसबुकनेच दिलेल्या अंदाजानुसार भारतातील सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती त्यात गेली असावी असे कळले, तेव्हा आपल्याकडेही लोक दचकले.

या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका चालली होती. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत सभा, चित्रपट व दूरचित्रवाणी यांवरील प्रचाराला कलम १२६ ने मनाई आहे. मग त्याच ४८ तासांत समाजमाध्यमांवर पैसे देऊन जाहिराती कशा चालतात, असा याचिकेचा सरळ सवाल होता. मुख्य न्यायमूर्ती नरेश पाटील व न्यायमूर्ती नितीन जामदार यांच्या खंडपीठापुढे आयोगाच्या बाजूने सामान्य नागरिकाला आपले मत मांडण्यापासून आम्ही अडवू शकत नाही असे सांगण्यात आले, आणि न्यायालयाने पैसे देऊन केलेल्या प्रचाराचे काय, हा मुद्दा लावून धरला. १९६१ च्या कलमातील हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि यंत्राने काढलेल्या प्रती यांतील भेदच येथे नव्या रूपाने न्यायासनापुढे आला होता. अखेर २० मार्च २०१९ रोजी समाजमाध्यम कंपन्यांनी आणि त्यांच्या संघटनेने आयोगाला स्वेच्छेची आचारसंहिता सादर केली. कलम १२६ च्या भंगाची रीतसर तक्रार आल्यास तीन तासांत कारवाई, राजकीय जाहिरातींना आयोगाचे पूर्वप्रमाणन, आणि अशा जाहिरातींबाबत पारदर्शकता, ही तिची मुख्य कलमे. त्या लोकसभा निवडणुकीत ९०९ मजकूर हटविण्यात आले, त्यांत फेसबुकचे ६५० व ट्विटरचे २२० होते.

मी या संहितेला क्षुल्लक लेखीत नाही. जेथे काहीच नव्हते तेथे काही झाले. परंतु १९६१ च्या कलमात छापखानेवाल्यावर असलेले कर्तव्य कायद्याचे होते, त्याच्या भंगाला कैद होती, आणि प्रतिज्ञापनाची प्रत सरकारी कचेरीत जमा होत होती. २०१९ च्या व्यवस्थेत कर्तव्य स्वेच्छेचे आहे, शिक्षा नाही, आणि दप्तर कंपनीच्या घरी आहे. नव्वद कोटींहून अधिक मतदारांच्या देशाने आपल्या निवडणुकीचे दप्तर अशा रीतीने परस्वाधीन ठेवावे, हे मला मान्य होत नाही. २०१९ च्या आरंभी फेसबुकने व गूगलने भारतातील राजकीय जाहिरातींचे सार्वजनिक संग्रह उघडले हे खरे. जाहिरात कोणी दिली, साधारण किती खर्च झाला, कोणत्या राज्यात व कोणत्या वयाच्या लोकांना ती दिसली, हे त्यांत पाहता येते. पण फेसबुकच्या संग्रहात एकेका जाहिरातीचा खर्च नेमका नसून अमुक ते अमुक अशा टप्प्यांत असतो. आणि ‘पैसे कोणी दिले’ या रकान्यात जे नाव येते ते पुष्कळदा एखाद्या अनोळखी पानाचेच असते, त्यामागचा माणूस कळत नाही. ‘दि रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’च्या पत्रकारांनी २०२२ साली या संग्रहांतूनच पक्षांशी आपला संबंध न सांगणाऱ्या अशा जाहिरातदारांचा माग काढून दाखविला. संग्रह होता म्हणून माग निघाला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

नाव कळले तरीही भिंतीचा उघडेपणा परत येत नाही, हे या प्रश्नाचे मर्म आहे. जाहिरात देणारा जिल्हा निवडतो, वय निवडतो, भाषा निवडतो, आवडीनिवडी निवडतो. मग एकाच चाळीतील शेजाऱ्यांपैकी एकाला उमेदवार कारखाने आणणारा दिसतो, दुसऱ्याला कारखान्यांपासून गाव वाचविणारा दिसतो, आणि दोघांची गाठ पडली तरी आपल्याला वेगवेगळी वचने दिली गेली आहेत हे त्यांच्या ध्यानी येण्याचे कारण नसते. प्रतिस्पर्ध्याला ती जाहिरात दिसतच नाही, तर तो उत्तर कशाचे देणार? खोटे विधान भिंतीवरही असे, पण ते खोडून काढण्यासाठी प्रतिपक्ष तेथे हजर असे. वादाला दोन बाजू एकमेकींसमोर लागतात, आणि श्रोत्यांना दोन्ही ऐकू यावे लागते. हे घडेनासे झाले की लोकशाहीतील चर्चेचे स्वगतांत रूपांतर होते, मग त्यातील प्रत्येक वाक्य सत्य असले तरी. गूगलने जानेवारी २०२० पासून निवडणूक-जाहिरातींसाठी वय, लिंग व टपालक्षेत्र एवढ्यांपुरतीच निवड ठेवली, ती या दृष्टीने रास्त दिशा होती. परंतु तो एका कंपनीचा निर्णय होता, आणि दिलेला निर्णय परत घेता येतो. ट्विटरने २०१९ साली राजकीय जाहिराती बंद केल्या आणि २०२३ साली त्यांना पुन्हा दार उघडले.

इंग्लंडने आपल्या जुन्या ओळीचा विस्तार केला. २०२२ च्या निवडणूक अधिनियमाने डिजिटल प्रचारसामग्रीवरही प्रवर्तकाचे नाव-पत्ता अनिवार्य केले, आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून तो नियम अमलात आला. युरोपीय संघ यापुढे गेला. त्याच्या २०२४ च्या विनियमाने राजकीय जाहिरातीवर ती राजकीय असल्याची स्पष्ट खूण, पैसे देणाऱ्याचे नाव, दिलेली रक्कम, कोणती निवडणूक आणि कोणाला दिसावी म्हणून कोणत्या कसोट्या लावल्या, इतके सर्व सांगणे बंधनकारक केले. संमतीशिवाय मिळविलेल्या वैयक्तिक माहितीवरून माणसे हेरण्यास मनाई केली. आणि या सर्वांची एक सामायिक सार्वजनिक नोंद उभारण्याची तजवीज केली. १० ऑक्टोबर २०२५ पासून तो पूर्णपणे लागू झाला, आणि त्याच सुमारास गूगल व मेटा यांनी हे नियम पाळणे व्यवहार्य नाही असे सांगून युरोपात राजकीय जाहिराती घेणेच बंद केले. याने लहान पक्षांचे, ज्यांच्याकडे वृत्तपत्राचे पान विकत घेण्याची ऐपत नाही त्यांचे, नुकसान होईल अशी जी तक्रार तेथे ऐकू येते ती खोटी नाही, आणि आपल्याकडे विचार करताना तिचे वजन मान्य करावे लागेल.

तरीही मला वाटते की आपल्याला परक्या कायद्याचा आराखडा उसना घेण्याची आवश्यकता नाही. कलम १२७ क मधील मुद्रणाची व्याख्या पैसे देऊन पसरविलेल्या ऑनलाइन मजकुराला स्पष्ट शब्दांत लागू करावी. छापखानेवाल्याच्या जागी कंपनीला धरून प्रतिज्ञापनाची प्रत व जाहिरातीचा नमुना तिने आयोगाकडे पाठविण्याचे कर्तव्य कायद्याने ठरवावे. त्या नमुन्याबरोबर नेमका खर्च आणि निवडीच्या कसोट्या द्याव्यात. आणि आयोगाने हे दप्तर मतदारसंघवार, त्या त्या प्रदेशाच्या भाषेत, मतदान होण्यापूर्वी कोणालाही पाहता येईल असे खुले ठेवावे. स्वतःच्या नावाने, पैसे न खर्चता, आपले मत लिहिणारा नागरिक मात्र १९६१ साली जसा बाहेर ठेवला तसाच यापुढेही बाहेर राहिला पाहिजे, आणि विधेयकाच्या मसुद्यात त्याच्याविषयीचे हे वाक्य अगदी आरंभीच्या कलमात यावे.